सहा वर्षांत गुंडाळलेली विमान कंपनी, जिने पहिल्या महायुद्धातच ‘आत्मघाती ड्रोन’ बनवला होता

युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून ड्रोन हा शब्द आपल्या फीडमधून हललेला नाही. स्वस्तात बनणारं, माणूस न बसवता उडणारं आणि लक्ष्यावर जाऊन स्वतःच फुटणारं यंत्र. त्यामुळे जगभरात नव्या संरक्षण कंपन्या निघतायत, सरकारं घाईघाईनं ऑर्डर देतायत आणि ‘इतके हजार ड्रोन बनवणार’ अशा घोषणा रोज होतायत.

हे सगळं अगदी नवीन आहे असं वाटतं ना? पण यातली जवळपास प्रत्येक गोष्ट शंभर वर्षांपूर्वी एकदा घडून गेली आहे. स्वस्त उडता बॉम्ब, युद्धाच्या तोंडावर रातोरात निघालेली कंपनी, कोट्यवधींची घोषणा, पुरवठ्याचा घोळ, हितसंबंधांची चौकशी आणि शेवटी कंपनीला टाळं. त्या कंपनीचं नाव होतं ‘डेटन-राइट एअरप्लेन कंपनी’. १९१७ मध्ये सुरू झालेली ही कंपनी १९२३ मध्ये बंदही झाली.

आज ड्रोनच्या शर्यतीत पैसा ओतला जात असताना या कंपनीची गोष्ट समजून घेणं का गरजेचं आहे, ते पाहू.

कंपनी निघाली कशी?

६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. विमानाचा शोध ज्या देशात लागला, त्या देशाच्या लष्कराकडे तेव्हा जेमतेम अडीचशे-तीनशे विमानं होती. त्यातली बहुतेक प्रशिक्षणाची. युरोपच्या आकाशात जर्मन विमानांसमोर उभं राहू शकेल असं एकही नव्हतं.

युद्ध जाहीर झालं आणि काही दिवसांतच ओहायो राज्यातल्या डेटन शहरात ही कंपनी स्थापन झाली. डेटन म्हणजे राइट बंधूंचं गाव. कंपनीमागे चार माणसं होती. एडवर्ड डीड्स आणि चार्ल्स केटरिंग हे दोघं ‘डेल्को’ या कंपनीचे संस्थापक. मोटारीचं इंजिन हँडल न फिरवता बटणावर सुरू करणारा सेल्फ-स्टार्टर केटरिंग यांनीच बाजारात आणला होता. उरलेले दोघं म्हणजे हॅरॉल्ड टॅलबॉट सीनिअर आणि त्यांचा मुलगा हॅरॉल्ड टॅलबॉट ज्युनिअर.

मग ‘राइट’ हे नाव कुठून आलं? विल्बर राइट १९१२ मध्येच टायफॉइडनं गेले होते. ऑर्विल यांनी आपली मूळ कंपनी १९१५ मध्ये विकून टाकली होती. नव्या कंपनीत ते सल्लागार अभियंता म्हणून आले आणि त्यांचं नाव पाटीवर लागलं. कारखाना चालवणं, पैसा उभा करणं, सरकारशी बोलणं ही कामं बाकीच्यांकडे होती.

थोडक्यात, ही माणसं हुशार होती, कारखानदारीत मुरलेली होती. पण लढाऊ विमानं मोठ्या संख्येनं बनवण्याचा अनुभव त्यांच्याकडे नव्हता. खरं तर तो अमेरिकेत कुणाकडेच नव्हता.

घोषणा मोठी, पण विमान कुणाचं?

मे १९१७ मध्ये फ्रान्सच्या पंतप्रधानांची तार अमेरिकेत पोहोचली. पुढच्या वर्षीच्या मोहिमेसाठी साडेचार हजार विमानं आघाडीवर हवीत, अशी मागणी होती. जुलैमध्ये अमेरिकी काँग्रेसनं हवाई दलासाठी ६४ कोटी डॉलर मंजूर केले. एका कामासाठी एका दमात एवढा पैसा तोवर क्वचितच दिला गेला होता. वर्तमानपत्रांतून विमानांच्या ताफ्यांनी जर्मनीचं आकाश काळं होईल अशी वर्णनं येऊ लागली.

पण बनवायचं कोणतं विमान? स्वतःचं डिझाइन तयार करायला वेळ नव्हता. म्हणून ब्रिटिश ‘डीएच-४’ निवडलं गेलं. जेफ्री डी हॅविलँड यांनी बनवलेलं हे दोन आसनी बॉम्बर. इंजिन मात्र अमेरिकी ठेवायचं ठरलं. जेसी व्हिन्सेंट आणि एल्बर्ट हॉल या दोन अभियंत्यांना वॉशिंग्टनच्या विलार्ड हॉटेलात बसवण्यात आलं आणि जेमतेम आठवड्याभरात त्यांनी ‘लिबर्टी’ इंजिनाचा आराखडा कागदावर उतरवला. बारा सिलिंडर आणि सुमारे ४०० अश्वशक्ती असलेलं हे इंजिन खरोखरच दणकट निघालं. अशी वीस हजारांहून जास्त इंजिनं पुढे बनली.

ब्रिटिश विमानाचा नमुना डेटनला आला आणि ऑक्टोबर १९१७ मध्ये लिबर्टी इंजिन बसवलेलं पहिलं अमेरिकी डीएच-४ उडालंसुद्धा. कंपनी निघून सातवा महिना चालू होता. ते विमान आजही अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे.

इथवरची गोष्ट यशाची वाटते. खरी अडचण इथून पुढे सुरू झाली. एक नमुना उडवणं आणि तेच विमान हजारोंनी बनवणं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. ब्रिटनमध्ये ही विमानं बऱ्याच अंशी कारागिरांच्या हातांनी जुळवली जात. अमेरिकेला ती मोटारीसारखी, एकसारख्या सुट्या भागांतून बनवायची होती. त्यासाठी ड्रॉइंग नव्यानं काढावी लागली, जास्त ताकदीच्या इंजिनासाठी रचनेत बदल करावे लागले. प्रत्येक बदलाबरोबर कारखान्यातली जुळणी मागे पडत गेली.

आघाडीवर प्रत्यक्षात किती पोहोचली?

अमेरिकेत एकूण ४,८४६ डीएच-४ बनली. त्यातली ३,१०६ एकट्या डेटन-राइटनं बनवली. उरलेली फिशर बॉडी आणि स्टँडर्ड या दोन कंपन्यांनी. सहा वर्षांच्या आयुष्यात डेटन-राइटनं केलेलं हे सर्वांत मोठं काम. आकडा खरंच मोठा आहे.

पण आता दुसरा आकडा बघा. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबलं तोवर यातली १,२१३ विमानं युरोपात पोहोचली होती आणि त्यातली साधारण एक तृतीयांशच प्रत्यक्ष लढाईत उतरली. अमेरिकी डीएच-४ नं आघाडीवर पहिली गस्त घातली ती ऑगस्ट १९१८ मध्ये. म्हणजे युद्ध संपायला जेमतेम तीन महिने उरले असताना. ब्रिटननं हेच विमान १९१७ च्या सुरुवातीला वापरात आणलं होतं. अमेरिकेतून ते पोहोचेपर्यंत लढाऊ विमानांची पिढी पुढे गेली होती.

वैमानिकांनी त्याला ‘जळती शवपेटी’ असं नाव ठेवलं. पेट्रोलची टाकी वैमानिक आणि मागचा निरीक्षक यांच्या मधोमध होती. त्यामुळे दोघांना एकमेकांशी बोलणं कठीण जाई आणि गोळी लागली तर आगीची भीती. हे नाव काहीसं अन्यायाचं होतं, कारण लढाईत पडलेल्या ३३ अमेरिकी डीएच-४ पैकी ८ पेटली होती. तरी टाकीची जागा चुकीची होती हे खरंच. नंतरच्या आवृत्तीत ती हलवली गेली.

या विमानात बसलेल्यांच्या धाडसाबद्दल मात्र शंका नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकी उड्डाणदलातल्या सहा जणांना ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळालं. त्यातले चार जण डीएच-४ मध्ये होते. त्यांतले हॅरॉल्ड गोएटलर आणि अर्विन ब्लेकली ६ ऑक्टोबर १९१८ रोजी मारले गेले. जर्मनांच्या वेढ्यात अडकलेल्या आपल्या सैनिकांना रसद टाकण्यासाठी ते जमिनीलगत उडत होते. कारखाना आणि सरकार यांच्यातल्या घोळाची किंमत शेवटी कोण मोजतं, हे लक्षात राहावं म्हणून ही नावं महत्त्वाची.

चौकशी कशाची झाली?

१९१८ च्या सुरुवातीला प्रश्न विचारले जाऊ लागले. ६४ कोटी डॉलर गेले कुठे? आणि विमानं कुठे आहेत?

यात सर्वांत अडचणीचं नाव होतं एडवर्ड डीड्स यांचं. कंपनीच्या चार संस्थापकांपैकी एक असलेले डीड्स आता लष्करात कर्नल झाले होते आणि विमानं, इंजिनं खरेदी करणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. कागदोपत्री त्यांनी कंपनीशी संबंध तोडला होता. पण ज्यांच्याकडून सरकार विमानं घेत होतं, ते त्यांचे कालपर्यंतचे भागीदार होते.

त्यात करारांची पद्धत अशी होती की जो खर्च येईल तो सरकार देणार आणि वर ठरलेला नफा. विमानाचा अंदाजित खर्च आधी ठरवायचा, प्रत्यक्ष खर्च त्याहून कमी आला तर बचतीतही कंपनीला वाटा. ऐकायला ठीक वाटतं. पण हे विमान आधी कुणीच बनवलेलं नसल्यामुळे अंदाजित खर्च किती धरायचा हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. अंदाज जेवढा फुगलेला, तेवढी ‘बचत’ जास्त.

सुरुवातीला आरोपांचा धुरळा उडवला तो शिल्पकार गटझन बोरग्लम यांनी. हो, माउंट रशमोरच्या डोंगरात पुढे राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरणारे तेच. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी अधिकृत चौकशी सोपवली चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांच्याकडे. हे ह्यूज म्हणजे १९१६ च्या निवडणुकीत विल्सन यांच्याविरुद्ध लढून थोडक्यात हरलेले उमेदवार. ‘आपल्याच माणसाकडून क्लीन चिट घेतली’ असं म्हणायला कुणाला जागाच उरली नाही.

ऑक्टोबर १९१८ मध्ये ह्यूज यांचा अहवाल आला. लूटमारीच्या सनसनाटी कहाण्या त्यात टिकल्या नाहीत. मोठा दोष निघाला तो ढिसाळ कारभाराचा आणि अकार्यक्षमतेचा. पण डीड्स यांच्याबद्दल अहवाल कठोर होता. त्यांनी सरकारी माहिती जुन्या भागीदाराला कळवली आणि उत्पादनाचं चित्र लोकांसमोर फुगवून मांडलं, असं म्हणत त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालवण्याची शिफारस ह्यूज यांनी केली. तो खटला कधी चालला नाही. युद्ध संपलं, लष्कराच्या मंडळानं पुन्हा तपासणी केली आणि डीड्स निर्दोष ठरले.

या प्रकरणाला एक पुढचा अंकही आहे. कंपनीचे तरुण अध्यक्ष हॅरॉल्ड टॅलबॉट ज्युनिअर १९५३ मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाचे मंत्री झाले. १९५५ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. कारण? आपल्या खासगी व्यवसायाच्या कामासाठी त्यांनी मंत्रालयाचं लेटरहेड वापरलं होतं.

आणि तो ‘ड्रोन’?

हा सगळा गोंधळ चालू असताना त्याच कंपनीत एक अतिशय गुप्त काम सुरू होतं. चार्ल्स केटरिंग एक छोटं, वैमानिक नसलेलं विमान बनवत होते. लांबी सुमारे १२ फूट, वजन २४० किलो आणि त्यात सुमारे ८० किलो स्फोटकं. पल्ला १२० किलोमीटर. अपेक्षित किंमत प्रत्येकी ४०० डॉलर. ‘केटरिंग बग’ या नावानं ते इतिहासात ओळखलं जातं.

त्याचं तंत्र आजही ऐकायला मजेशीर वाटतं. रुळावरच्या गाड्यावरून ते सोडलं जाई. दिशा सांभाळायला आत जायरोस्कोप. अंतर कसं मोजायचं? वारा आणि लक्ष्याचं अंतर धरून इंजिनाचे किती फेरे लागतील याचा हिशेब आधी करायचा. तेवढे फेरे पूर्ण झाले की इंजिन बंद, पंख सुटून वेगळे आणि बॉम्बसकट धड खाली. संगणक नाही, रेडिओ नाही, जीपीएस नाही.

२ ऑक्टोबर १९१८ रोजी त्याचं पहिलं उड्डाण झालं. चाचण्यांत कधी ते नीट गेलं, तर कधी भलतीकडेच वळून बघणाऱ्यांची पळापळ झाली. त्याची माहिती द्यायला हॅप अरनॉल्ड नावाचा अधिकारी फ्रान्सला निघाला, पण फ्लूनं आजारी पडला आणि तो आघाडीवर पोहोचेपर्यंत युद्धच संपलं. पन्नासहून कमी ‘बग’ तयार झाले होते. एकही लढाईत वापरला गेला नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात हेच अरनॉल्ड अमेरिकी लष्करी हवाई दलाचे प्रमुख होते.

शांतता आली आणि कंपनी संपली

युद्ध थांबताच सरकारनं करार रद्द केले. फ्रान्समध्ये असलेली बरीच विमानं परत आणण्यापेक्षा तिथेच जाळून टाकणं स्वस्त ठरलं. त्यावरूनही देशात मोठा गदारोळ झाला. इकडे हजारो शिल्लक विमानं आणि इंजिनं सरकारकडेच पडून असल्यानं नवं विमान कोण घेणार?

१९१९ मध्ये जनरल मोटर्सनं डेटन-राइट विकत घेतली. कंपनीत कल्पनांची वानवा नव्हती. १९२० मध्ये फ्रान्समधल्या गॉर्डन बेनेट शर्यतीत तिनं चाकं आत ओढून घेणारं विमान उतरवलं. त्या काळात ही गोष्ट फार पुढची होती. बिघाडामुळे ते शर्यत पूर्ण करू शकलं नाही. गिऱ्हाईक मात्र एकच होतं, सरकार, आणि त्याची खरेदी थंडावली होती. १९२३ मध्ये जनरल मोटर्सनं विमानांचा धंदा बंद केला.

पण ज्ञान संपलं नाही. कंपनीच्या प्रशिक्षण विमानाचे हक्क आणि मुख्य डिझायनर व्हर्जिनियस क्लार्क रूबेन फ्लीट यांच्या नव्या कंपनीकडे गेले. ती कंपनी म्हणजे ‘कन्सॉलिडेटेड’. दुसऱ्या महायुद्धात १८ हजारांहून जास्त बनलेलं बी-२४ लिबरेटर बॉम्बर तिचंच. डीएच-४ विमानंही टपाल खात्यात कामाला लागली आणि अमेरिकेच्या हवाई टपालसेवेचा कणा ठरली.

डेटन-राइटचा मुख्य कारखाना ज्या मोरेन गावात होता, तिथे नंतर फ्रिज बनले, मग मोटारी. २००८ च्या मंदीत मोटारींचा कारखाना बंद पडला आणि तिथे चिनी काच कंपनी आली. तुम्ही ऑस्कर मिळालेली ‘अमेरिकन फॅक्टरी’ ही डॉक्युमेंटरी पाहिली असेल, तर ते गाव तुम्ही पाहिलं आहे.

आज याचा संबंध काय?

या गोष्टीतून आजच्या बातम्या वाचताना तीन प्रश्न हाताशी ठेवता येतात.

पहिला, जाहीर झालेला आकडा आणि पोहोचलेला आकडा यात अंतर किती? भारताचंच उदाहरण घ्या. हवाई दलासाठी ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. मार्च २०२४ पासून ती मिळायला लागतील अशी अपेक्षा होती. २०२१ मध्येच मागवलेल्या ९९ अमेरिकी इंजिनांपैकी पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये. नाशिकच्या एचएएल कारखान्यातून पहिल्या तेजस मार्क-१ए नं ऑक्टोबर २०२५ मध्ये उड्डाण केलं तेव्हा आपण सगळ्यांनी ते व्हिडिओ शेअर केले. आनंदाचीच गोष्ट होती. पण पहिलं उड्डाण आणि स्क्वाड्रनमध्ये उभी असलेली विमानं या दोन वेगळ्या बातम्या आहेत. डेटनमध्येही पहिलं उड्डाण सातव्या महिन्यातच झालं होतं.

दुसरा प्रश्न, घेणारा आणि विकणारा यांच्यात भिंत आहे का? युद्धाच्या घाईत नियम सैल करावे लागतात, हे कुठलाही देश मान्य करेल. ड्रोनसारख्या नव्या क्षेत्रात तज्ज्ञही मोजकेच असतात. तेच सल्ला देतात, तेच कंपनी काढतात. म्हणूनच अशा वेळी किंमत कशी ठरली आणि कुणी ठरवली हे विचारणं म्हणजे देशाच्या सुरक्षेत खोडा घालणं नव्हे. विल्सन यांनी तर ऐन युद्धात, तेही राजकीय विरोधकाकडून चौकशी करून घेतली. मे १९१८ मध्ये विमानांचं काम सिग्नल विभागाकडून काढून वेगळं करण्यात आलं. तेही या प्रश्नांचा दबाव असतानाच.

तिसरा आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित प्रश्न, युद्धाची घाई ओसरल्यावर या कंपन्यांचं काय होणार? भारतानं २०२१ मध्ये ड्रोन उद्योगासाठी १२० कोटींची प्रोत्साहन योजना आणली, २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. त्यातून अनेक लहान कंपन्या उभ्या राहिल्या. आणीबाणीच्या खरेदीवर त्या वाढतीलही. पण आणीबाणी दरवर्षी नसते. शेती, सर्वेक्षण, मालवाहतूक यांतलं काम मिळालं नाही, तर डेटन-राइटसारखीच वेळ त्यांच्यावरही येऊ शकते.

याच्या उलट उदाहरण आपल्याकडेच आहे. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानच्या साथीनं बंगळुरूत ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ सुरू केली. दोन वर्षांच्या आतच सरकारनं ती ताब्यात घेतली, त्यामुळे वालचंद यांचा वाटाही तसा अल्पायुषीच ठरला. पण युद्धकाळात तिथे दोस्तराष्ट्रांच्या विमानांची दुरुस्ती चालली आणि स्वातंत्र्यानंतर सरकारनं कंपनीला सतत काम दिलं. आजची एचएएल ती हीच. सततच्या सरकारी कामाचे तोटेही आहेत, उशिराची चर्चा तर आपण रोज ऐकतो. तरी कारखाना, कामगार आणि कसब टिकून राहिलं.

डेटन-राइटमधली माणसं कमी हुशार नव्हती. त्यांच्याकडे आजच्या ड्रोनचा पूर्वज तयार होता. नव्हतं ते युद्धानंतरचं गिऱ्हाईक. पुढच्या वेळी ‘अमुक कंपनी इतके हजार ड्रोन बनवणार’ अशी पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी कमेंटमध्ये एवढंच विचारून बघा: पोहोचले किती, किंमत कुणी ठरवली, आणि पाच वर्षांनी ही कंपनी काय विकत असेल?